कोण बोलतंय?

गेल्या वर्षी मृगाच्या आधी मी आमच्या सांगलीच्या घरचा फोन बंद करण्याचा अर्ज दिला. आई जाऊन दहा महिने झाले होते. फोन तिच्यासाठीच ठेवला होता. खिडकीवरच्या गृहस्थांनी अर्ज वाचला, पासबुकाची झेरॉक्स आणि शेवटच्या बिलाची पावती जोडून घेतली आणि अनामत रक्कम खात्यात जमा होईल असं सांगितलं. सगळं दहा मिनिटांत उरकलं. हेच कनेक्शन मिळावं म्हणून वडिलांनी नऊ वर्षं वाट पाहिली होती.

घरी आल्यावर ठाण्याला ताईला कळवलं. ती म्हणाली, "इन्स्ट्रुमेंट टाकू नकोस. मला हवंय." आठवण म्हणून हवं असेल, असं तेव्हा मला वाटलं. ते खरं नव्हतं. पण त्याकडे शेवटी येतो.

मी स्वतःला संशोधक म्हणवतो ते जरा भीतभीतच. शिक्षण कॉमर्सचं, तेही अर्ध्यावर सुटलेलं. नोकरी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात. नाद मात्र जुन्या कागदांचा. गेली वीस-बावीस वर्षं मी रद्दीच्या दुकानांतून दोन गोष्टी गोळा करतो : लग्नपत्रिका आणि घरगुती टेलिफोन डायऱ्या. लग्नपत्रिकेत घर जगाला काय सांगू पाहतं ते कळतं. टेलिफोन डायरीत घराला जगातलं कोण लागतं ते कळतं. या लेखातली निरीक्षणं बरीचशी या दोन ढिगांतून आलेली आहेत.

लेखाचं निमित्त एक नाराजी आहे. घरच्या फोनवर अलीकडे बरंच लिहिलं जातं. काळा जाडजूड फोन, त्यावरचं क्रोशाचं झाकण, खर्र आवाज करत मागे फिरणारी तबकडी, ट्रंक कॉलची वाट पाहत बसलेलं घर आणि शेवटी ठरलेला निष्कर्ष : तेव्हा माणसं जोडलेली होती, आता एका घरात चार मोबाइल आणि चौघे चार दिशांना. हे वाचायला गोड लागतं, मलाही लागतं. पण माझ्याकडचे कागद त्याला पुरती साक्ष देत नाहीत. म्हणून ही उलटतपासणी.

घरोघरी?

पहिली गोष्ट संख्येची. 'घरोघरी फोन होता तेव्हा' अशी सुरुवात करणाऱ्याने हे आकडे पाहावेत. स्वातंत्र्याच्या वेळी सबंध देशात सुमारे ८० हजार टेलिफोन होते. १९९१ साली ही संख्या ५० लाखांच्या आसपास पोहोचली, आणि त्यात कचेऱ्या, दुकानं, पेढ्या सगळं आलं. २००१ च्या जनगणनेत देशातल्या ९.१ टक्के कुटुंबांकडे टेलिफोन होता. २०११ च्या जनगणनेत फक्त लँडलाइन असलेली कुटुंबं ४ टक्के, लँडलाइन आणि मोबाइल दोन्ही असलेली ६ टक्के आणि फक्त मोबाइल असलेली ५३.२ टक्के होती. म्हणजे दोन्ही वेळच्या मोजणीत घरात तारेचा फोन असलेली कुटुंबं दहातलं एक. उरलेल्या नऊ घरांनी तो कधी गमावला नाही, कारण त्यांच्याकडे तो कधी आलाच नाही. बहुसंख्य भारतीय कुटुंबांच्या आयुष्यात पहिला आलेला फोन हा मोबाइलच आहे. आपण ज्याला 'एका पिढीची आठवण' म्हणतो ती एका थराची आठवण आहे. त्या थरात मीही येतो, म्हणून हे स्पष्ट बोलायचा मला हक्क आहे असं समजतो.

दहातल्या त्या एका घरातही फोन सहज येत नसे. डॉक्टर वगैरेंसाठी वेगळी यादी, जास्त पैसे आधी भरू शकणाऱ्यांसाठी 'ओन युवर टेलिफोन'ची यादी आणि बाकीच्यांसाठी सर्वसाधारण यादी. शिवाय खासदारांच्या शिफारशीचा कोटा. फोन कोणाकडे किती लवकर आला यावरून त्या माणसाचे हात कुठवर पोहोचतात हे गल्लीला कळत असे. वडिलांचे हात कुठेच पोहोचत नव्हते. त्यांनी १९७९ मध्ये नाव नोंदवलं आणि १९८८ मध्ये फोन आला. वायरमन आला त्या दिवशी आईने त्याला जेवूनच पाठवलं.

पी. पी.

मधल्या नऊ वर्षांत आमचा फोन शेजारच्या वकीलकाकांकडे होता. ज्यांच्याकडे फोन नसे त्यांच्या लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, अर्जावर शेजाऱ्याचा नंबर छापलेला असे आणि पुढे कंसात दोन अक्षरं : पी. पी. माझ्या संग्रहातल्या सत्तर ते नव्वदच्या दशकांतल्या पत्रिकांत ही अक्षरं जागोजागी भेटतात. पत्रिका पुण्याची असो, इस्लामपूरची असो की इचलकरंजीची. 'दूरध्वनी' हा भारदस्त शब्द, पुढे नंबर, पुढे पी. पी. वधुपित्याचा पत्ता वेगळा आणि त्याचा आवाज पोहोचण्याचं ठिकाण वेगळं.

या दोन अक्षरांत शेजारधर्म होता, हे मान्यच. वकीलकाकू गॅलरीत येऊन हाक मारायच्या, आई हातातलं पीठ झटकत धावायची. पण त्याच अक्षरांत एक मिंधेपणही होतं. रात्री नऊनंतर तिथे फोन आला तर दुसऱ्या दिवशी आई वाटीभर काहीतरी घेऊन जायची. त्यांच्या दिवाणखान्यात उभं राहून, त्यांच्या देखत, आपल्या घरचं दुःख ऐकायचं आणि 'हो, हो, बरं' एवढंच बोलायचं. मामा गेले तो निरोप आईने तिथेच घेतला. ती रडली घरी येऊन. स्मरणरंजनाच्या लेखांत मला हे सहसा वाचायला मिळत नाही, कारण ते लेख बहुधा वकीलकाकांच्या बाजूच्या घरांतून लिहिले जातात.

तिसरा माणूस

आता माझा मुख्य मुद्दा. आपण म्हणतो, फोनवर दोन माणसं बोलतात. घरच्या फोनवर दोन माणसं कधीच बोलत नव्हती. त्यात तिसरा माणूस होताच.

टेलिफोनच्या इतिहासात हा तिसरा माणूस पहिल्यापासून आहे. बेलला १८७६ च्या मार्चमध्ये पेटंट मिळालं आणि १८८२ च्या जानेवारीत मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांत एक्स्चेंज सुरू झाली. त्या काळात रिसीव्हर उचलला की आधी ऑपरेटर भेटे. तो किंवा ती तुमची तार दुसऱ्याच्या तारेला जोडे. अमेरिकेत कॅन्ससमध्ये ऑल्मन स्ट्रॉजर नावाचा अंत्यविधीचं सामान पुरवणारा व्यावसायिक होता. आपल्याकडे येणारे फोन ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय आला, आणि त्या संशयातून त्याने ऑपरेटरवाचून चालणारी यंत्रणा शोधून काढली, अशी गोष्ट सांगतात. संशय खरा होता की नाही ते सोडा, पेटंट खरं आहे : १८९१. नंबर फिरवून आपणच आपली तार जोडायची, ही सोय त्याची. आपल्याकडे परगावचा फोन ऑपरेटरशिवाय लागू लागला तो १९६० मध्ये, लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये. तोवर, आणि बहुतेक गावांत त्यानंतरही कित्येक वर्षं, ट्रंक कॉल 'बुक' करायचा. साधा, अर्जंट की लाइटनिंग, ते सांगायचं आणि बसून राहायचं.

यंत्राने एक्स्चेंजमधला तिसरा माणूस काढून टाकला. घरातला तिसरा माणूस मात्र जागेवरच राहिला. घंटा वाजली की जो उचलेल तो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला : "कोण बोलतंय?" आणि मग, उत्तर पसंत पडलं तर, "एक मिनिट हं, बोलावतो." या 'बोलावतो'मध्ये सगळं आलं. फोन घराला येत असे, माणसाला नव्हे. माणसाला तो घराच्या परवानगीने मिळे.

आपली भाषा याची साक्षीदार आहे. मोबाइलवर आपण पहिल्यांदा विचारतो, "कुठे आहेस?" कारण कोण ते माहीत असतं, ठिकाण माहीत नसतं. घरच्या फोनवर ठिकाण माहीत असे, माणूस कोण ते विचारावं लागे. 'कोण'कडून 'कुठे'कडे झालेला हा प्रवास माझ्या मते यंत्र बदलण्यापेक्षा मोठा आहे. बाकी शब्द आपण तसेच वापरतो. ठेवायला काही उरलेलं नसताना 'ठेवतो' म्हणतो, फिरवायला काही नसताना 'नंबर फिरवला' म्हणतो. 'कोण बोलतंय' मात्र आता अनोळखी नंबरापुरता आणि किंचित चिडूनच निघतो.

टेलिफोन डायऱ्यांतही हेच दिसतं. माझ्याकडच्या बहुतेक डायऱ्या नावांनी लावलेल्या नाहीत, घरांनी लावलेल्या आहेत. 'मिरजेचे', 'दादा ऑफिस', 'दादा घर', 'जोशी (खालचे)', 'सुमनच्या सासरी'. ही शेवटची नोंद मला वारंवार भेटते, नाव बदलून. लग्न झालेल्या मुलीचा नंबर नसतो, तिच्या सासरचा असतो. एरवी त्याच डायरीत भावाचा नंबर भावाच्या नावावर असतो. डायरीचं वय ओळखायला मी एक खूण वापरतो. नव्या शतकाच्या सुरुवातीला नंबरांच्या आधी २ चा आकडा लागला. जुन्या निळ्या शाईच्या नंबरामागे वेगळ्या पेनाने घातलेला २ दिसला की समजावं, ही डायरी दोन्ही काळ पाहून आलेली आहे. आणि छापील डिरेक्टरी? ती तर सरळसरळ कर्त्या पुरुषांची यादी. बाईचं नाव येतं ते बहुधा डॉक्टर म्हणून किंवा पतीच्या पश्चात.

फोन कुठे ठेवलेला असे तेही पाहा. बाहेरच्या खोलीत, दारातून येणाऱ्याला दिसेल असा, वडिलांच्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर. तार जेवढी लांब तेवढा खाजगीपणा. आमच्या तबकडीला छोटं पितळी कुलूप होतं, मुलांनी बिल वाढवू नये म्हणून. रिसीव्हर ठेवायच्या खुंट्या टकटक दाबून नंबर लावता येतो हे मला एका मित्राने शिकवलं. एकच्या आकड्याला एक टिचकी, शून्याला दहा. कुलूप होतं ते आमच्या आवाजाला, आणि आम्ही ते टिचक्यांनी फोडत होतो.

पडद्यावरचा रिसीव्हर

घरच्या फोनचं हे तिसऱ्या माणसाचं नाटक आपल्या करमणुकीच्या कलांनी भरपूर वापरलं. दिवाणखान्याचा सेट लावणाऱ्या नाटकाला रंगमंचावर फोन लागतोच, कारण तो न दिसणाऱ्या पात्राला आत आणतो. नट अर्धं संभाषण बोलतो, उरलेलं अर्धं प्रेक्षक मनात बोलतो. ज्यां कॉक्तोने १९३० मध्ये 'ला व्हॉई ह्युमेन' या फ्रेंच एकांकिकेत हे टोकाला नेलं. रंगमंचावर एकटी बाई, हातात रिसीव्हर, पलीकडे तिला सोडून चाललेला माणूस. त्यात लाइन तुटते, मध्येच परके आवाज येतात, आणि त्या तुटण्यातूनच नाटक घडतं. फोन नीट लागला असता तर ते इतकं क्रूर झालं नसतं.

आपल्याकडे मला तीन उदाहरणं महत्त्वाची वाटतात. पहिलं १९४९ च्या 'पतंगा'तलं सी. रामचंद्र आणि शमशाद बेगम यांनी गायलेलं रंगूनच्या फोनचं गाणं. परदेशी गेलेला नवरा घरी बायकोला फोन करतो, एवढाच मजकूर. पण ज्या काळात देशात फोन अगदी मोजके होते त्या काळी हे गाणं घरोघरी म्हटलं गेलं. म्हणजे फोन घरात येण्याच्या कितीतरी आधी तो गाण्यातून, विरहाचं साधन म्हणून, कानावर आला होता. ज्या नऊ घरांत फोन नव्हता त्यांचाही हा फोन होता. आपल्या आठवणींतला फोन अर्धा यंत्राचा आणि अर्धा सिनेमाचा आहे, हे इथे लक्षात घ्यावं.

दुसरं बिमल रॉय यांच्या 'सुजाता'मधलं, १९५९ चं. सुनील दत्त फोनवर गातो, आवाज तलत महमूदचा, आणि इकडे नूतन रिसीव्हर कानाला लावून ऐकते. या प्रसंगाची तारीफ नेहमी गाण्यासाठी होते. मला त्यात दिसतं ते घर. सुजाता त्या घरात वाढलेली, पण अस्पृश्य म्हणून जन्मलेली, 'मुलीसारखी'. फोन घराचा आहे, आणि घर पूर्णपणे तिचं नाही. तिच्यापर्यंत थेट पोहोचलेला तो आवाज म्हणजे घराच्या उंबरठ्याला चुकवून आत आलेला माणूस आहे. म्हणून ती बोलत नाही. नूतनने त्या शांततेत जे केलं आहे ते मोबाइलच्या काळात कुठल्याही नटीला करता येणार नाही, कारण मोबाइलवर गप्प राहण्यात कसलाच धोका नाही.

तिसरं उदाहरण हसरं आहे. सिद्दीक-लाल या जोडीच्या 'रामजीराव स्पीकिंग' या १९८९ च्या मल्याळम चित्रपटावरून २००० मध्ये प्रियदर्शनने हिंदी 'हेरा फेरी' केला. डिरेक्टरीतल्या घोटाळ्यामुळे खंडणीचा फोन भलत्याच घरी, बाबूराव गणपतराव आपटे यांच्याकडे लागतो. ही सगळी गंमत एका तत्त्वावर उभी आहे : फोन करणाऱ्याला ठिकाण माहीत आहे, माणूस माहीत नाही. पलीकडून जो बोलेल तोच मालक. हा चित्रपट मोबाइल घरोघर पोहोचण्याच्या जेमतेम आधी आला. पाच-सात वर्षं उशीर झाला असता तर ही गोष्ट जुळवणं अवघड गेलं असतं. राँग नंबर हा एक सबंध कथाप्रकार होता. प्रेमकथा, रहस्यकथा, फार्स, सगळ्यांना त्याने पोसलं. कॉलर आयडी आणि मोबाइल यांनी तो संपवला आणि आपल्या लेखकांनी त्याची नोंदही घेतली नाही. नव्या कथांत माणसं मेसेज पाठवतात, निळ्या खुणा पाहतात, ब्लॉक करतात. त्यातही ताण आहे, पण तो दोघांतलाच आहे. घर त्यात नाही.

दुपारचा फोन

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे घरचा फोन ही पुरुषांची चौकी होती, गेली ते बरंच झालं. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं मला आईने शिकवलं.

संध्याकाळी फोन वडिलांचा असे. सकाळी अकरा ते पाच तो आईचा होता. वडील कामावर, आम्ही बाहेर. त्या सहा तासांत तिने या यंत्राचं एक वेगळंच घर केलं होतं. मिरजेच्या मावशीशी ती रोज बोले, बिल वाढू नये म्हणून मोजून. भिशीचा हिशेब फोनवर, गॅसचा नंबर फोनवर, कोणाच्या मुलीचं काय चाललंय ते फोनवर. तिने कधी घराबाहेर नोकरी केली नाही, पण दुपारी ती एक्स्चेंज होती. इकडचा निरोप तिकडे जोडायचा, काय जोडायचं नाही तेही तीच ठरवायची.

घरचा फोन घरातच राहत असे, त्याचा हा फायदा होता. पुढे अनेक कुटुंबांत पहिला मोबाइल आला तो कमावत्या माणसाच्या खिशात, आणि सकाळी त्याच्याबरोबर घराबाहेर गेला. मागे राहिलेल्या बाईच्या हाती दुपारी काहीच उरलं नाही. २०११ च्या त्या ५३ टक्क्यांत अशी किती घरं असतील ते जनगणना सांगत नाही, कारण ती कुटुंब मोजते, हात मोजत नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर आली तेव्हा एका फोनवर तीन मुलं आणि तो फोन बापाबरोबर कामावर, ही गोष्ट कारखान्याच्या वसाहतीत मी स्वतः पाहिली. तेव्हा तिसरा माणूस गेला असं सरसकट म्हणता येत नाही. काही घरांत तो फोन खिशात घालून फिरतो आहे.

आणखी एक साधी गोष्ट. तांब्याच्या दोन तारांतून एक्स्चेंजकडूनच ४८ व्होल्टचा प्रवाह येत असे. घरातली वीज गेली तरी फोन चालू. लोडशेडिंगच्या वर्षांत मेणबत्तीच्या उजेडात आई फोनजवळ बसलेली मला दिसते. अख्ख्या गल्लीत दिवा नाही आणि रिसीव्हर उचलला की आत ती सलग घूं वाजतेच आहे. म्हाताऱ्या माणसाला त्या आवाजाचा किती आधार असतो ते मला उशिरा कळलं. आता फायबरबरोबर जो लँडलाइन नंबर देतात तो घरच्या विजेवर चालतो. वीज गेली आणि इन्व्हर्टर नसेल तर तो मुका. नाव तेच, वचन वेगळं.

२०१३ च्या जुलैत तार खातं बंद झालं तेव्हा लोकांनी रांगा लावून शेवटच्या तारा केल्या. तिच्या मृत्यूला तारीख आहे. घरच्या फोनला तशी तारीख मिळणार नाही. तो दवाखान्यात, कचेरीत, सोसायटीच्या गेटवर आहेच. २०२१ च्या जानेवारीपासून त्याच्यावरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावावं लागतं, एवढीच त्याच्या उतरत्या दर्जाची सरकारी नोंद. घरातून मात्र तो एकेक अर्जाने जातो आहे. त्यातला एक अर्ज माझा.

राँग नंबर

आता ताईची गोष्ट. उलटतपासणी करणाऱ्याने स्वतः पिंजऱ्यात उभं राहायला हवं.

१९९० चा पावसाळा. ताई तेवीस वर्षांची, मी वीसचा. संध्याकाळी सातच्या सुमारास फोन वाजला. वडील खुर्चीत पेपर वाचत होते. मी उचलला. पलीकडे एका तरुणाचा आवाज. त्याने ताईचं नाव घेऊन विचारलं, आहे का? आवाज मी ओळखला. कॉलेजच्या स्नेहसंमेलनातल्या एकांकिकेत तो ताईबरोबर होता. वडिलांनी पेपर खाली न करता विचारलं, "कोण आहे रे?" मी रिसीव्हरमध्ये म्हटलं, "राँग नंबर," आणि ठेवला. वडिलांना म्हटलं, "राँग नंबर होता." ताईला काहीच म्हटलं नाही. तो फोन पुन्हा आला नाही, किमान माझ्या कानावर नाही. पुढच्या वर्षी ताईचं लग्न झालं, पाहून ठरवलेलं. तिचा संसार चांगला झाला. माझ्या त्या दोन शब्दांनी काय घडलं आणि काय घडायचं राहिलं, याचा हिशेब मला मांडता येत नाही, आणि मांडायचा अधिकारही मला नाही. एवढंच सांगू शकतो की मला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं. वडिलांनी फक्त विचारलं होतं. चौकीवर उभा मी होतो.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी ताईला फोन केला. तिच्या मोबाइलवर, थेट. कोणाला विचारावं लागलं नाही. आणि चौतीस वर्षांनी ते सांगितलं.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माहितीये मला. मी स्वयंपाकघरात होते."

"तुला कसं कळलं?"

"खरा राँग नंबर असला की तू खेकसायचास. बाबांसारखा. त्या दिवशी हळू बोललास."

मी म्हटलं, "मग तू काही बोलली का नाहीस?"

"कुणाशी बोलू? फोन बाहेरच्या खोलीत होता."

मग तिने विचारलं, इन्स्ट्रुमेंट पाठवलंस का? मी विचारलं, तुला ते कशाला हवंय? ती म्हणाली, "आई दुपारी त्याच्यावरून मला फोन करायची. सासरी असताना. कोणी उचलला तरी ती आधी पाच मिनिटं त्यांच्याशी बोलायची, मग मला बोलवायला सांगायची. कुणी नाही म्हणायचं नाही तिला."

मी वस्तू गुंडाळून कुरिअरने पाठवली. आईची डायरी ठेवून घेतली. त्यात ताईचं पान आहे : वर 'ठाणे, सासरी', नंबर निळ्या शाईत, मागून घातलेला २ हिरव्या पेनाने. खाली, बरंच नंतरच्या थरथरत्या अक्षरात, दहा आकडी मोबाइल नंबर आणि पुढे नुसतं ताईचं नाव.